नवी गाडी घेऊ की जुनीच राहू दे? (रोज डिलिव्हरी करणाऱ्यांनीच सांगा)

फाळका_उघडा
रामराम मंडळी. ११ वर्षं एकच गाडी चालवतोय. कंपनीने आता चार नव्या गाड्या आणल्यात आणि जुना माणूस म्हणून पहिली निवड माझी. सगळ्यांना वाटलं मी लगेच किल्ली उचलणार. मी मात्र चार दिवस टाळाटाळ करतोय.

जुनीला हाताचा गिअर, एसी नाही, पॉवर स्टेअरिंग आहे पण हल्ली कण्हतं. तरी सेल्फ एका झटक्यात घेते. मागचा फाळका कुठे गुडघा मारला की बसतो, थंड असताना दुसरा गिअर किती वेळ समजावावा लागतो, हे हाताला पाठ आहे. नवीत ऑटोमॅटिक गिअर, एसी, मागे कॅमेरा, पुढे कॅमेरा आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बसलेला आणखी एक कॅमेरा.

दिवसाला ९० ते ११० ठिकाणं होतात. विकणाऱ्याचं सगळं ऐकून झालंय. चालवणाऱ्यांनी बोला.

स्टेपनी
एसी आहे ना? घे. विषय संपला.

पाना_नंबर_तेरा
स्टेपनीभाऊ, विषय आत्ता कुठे सुरू झालाय. मी गाड्या चालवत नाही, तुम्ही चालवून आणलेल्या उघडतो. तेव्हा इंजिनाचं माझ्याकडून ऐका.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनाला हवा, डिझेल आणि कॉम्प्रेशन मिळालं की ते चालतं. लाइनीत एअर धरली तर रस्त्याच्या कडेला हातपंप मारून काढता येते. धूर काढेल, कुरकुरेल, पण संध्याकाळी घरी आणेल. नव्यात कॉमन रेल. डिझेलचा दाब २००० बारच्या घरात, काहींत त्याहून जास्त. इंजेक्टरची भोकं इतकी बारीक की डिझेलमधलं पाणी आणि कचरा त्याला अजिबात खपत नाही. फिल्टर बदलायला आठ दिवस उशीर जुनीने पोटात घातला असता, नवी घालत नाही.

तरी खरी गोम सायलेन्सरच्या बाजूला आहे. युरो ६ म्हणा की भारत स्टेज ६, त्या पिढीच्या डिझेल गाडीत काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ. धरलेली काजळी जाळून तो स्वतःला मोकळा करतो. सलग वेगात चाललेल्या गाडीत एक्झॉस्ट गरम राहतो, त्यामुळे बरीचशी काजळी आपोआप जाते. उरलेली जाळायला गाडी स्वतःहून जादा डिझेल सोडते आणि फिल्टर ५५०–६०० अंशांपर्यंत तापवते. त्याला सलग १५–२० मिनिटं, कधी जास्त लागतात.

आता तुमचं काम बघा. दोनशे मीटर गेलात, बंद. पुन्हा तीनशे मीटर, बंद. एक्झॉस्ट तापणार कधी? जाळायला सुरुवात झाली की तुम्ही किल्ली फिरवता. पुढच्या ठिकाणी ती परत सुरुवात करते, तुम्ही परत मारता. शेवटी दिवा लागतो, गाडी ताकद काढून घेते, मग रांगत रांगत माझ्याकडे येते. ड्रायव्हर म्हणतो नवी गाडी भंगार. गाडी भंगार नाही हो, तिला दिलेलं काम तिच्या प्रकृतीचं नाही.

म्हणून फाळका, तुला एकच प्रश्न. डेपोपासून पहिल्या ठिकाणापर्यंत सलग अर्धा तास एका वेगात पळेल असा मोकळा रस्ता तुझ्या रूटवर आहे का?

फाळका_उघडा
आहे. जाताना साधारण ३५ मिनिटं हायवे. येतानाही तोच.

पाना_नंबर_तेरा
मग माझी निम्मी हरकत गेली. उरलेली निम्मी युरियाची. धुरातला विषारी वायू मारायला एक्झॉस्टमध्ये सोडतात ते डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. त्याची टाकी वेगळी, झाकण निळं. घाईत ते डिझेलच्या टाकीत ओतणारे महाभाग मी पाहिलेत. ओतलंत तर सेल्फ मारू नका, किल्लीही फिरवू नका, गाडी ओढून आणा. सुरू करून आणलीत तर पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळं बदलावं लागतं.

डावा_आरसा
इंजिनावर भरपूर झालं. मी दिवसभरात इंजिनाला एकदाही हात लावत नाही. पायरीवर मात्र दोनशे वेळा पाय ठेवते.

फाळकादादा, १०० ठिकाणं म्हणजे १०० वेळा उतरणं आणि १०० वेळा चढणं. आठवड्याचे सहा दिवस धरा, वर्ष धरा, गुडघ्यांचा हिशोब तुम्हीच करा. माझ्या जुन्या गाडीची केबिन उंच होती आणि खालची पायरी इतकी आत की उतरताना दिसायचीच नाही. मग उडी. विशीत उडी मारताना काही वाटत नाही. चाळिशीत डॉक्टर विचारतात, काम काय करता?

नवी बघायला जाल तेव्हा टेप घेऊन जा, चेष्टा नाही करत. जमीन ते पहिली पायरी किती, पायरी ते केबिनचा तळ किती, माल ठेवायची जागा जमिनीपासून किती वर, सगळं मोजा. केबिनमधून आतूनच मागे मालाकडे जाता येतं का बघा. येत असेल तर पावसात त्याची किंमत कळते. आणि चढताना धरायचा दांडा तुमचा हात जिथे जातो तिथेच आहे का, की डिझाइन करणाऱ्याच्या हाताच्या मापाने लावलाय? दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात, कायम तीन ठिकाणी पकड हवी. दांडा चुकीच्या जागी असला की हा नियम पहिल्या दिवशीच मोडतो.

दुसरं सीटचं. माझी उंची बेताची आहे. जुन्या गाडीत क्लच पूर्ण दाबायचा तर पाठीमागे उशी लागायची, आणि उशी लावली की आरसा बिघडायचा. नव्या गाडीत सीट पुढे-मागे, वर-खाली होते, स्टेअरिंगही खाली येतं. पहिल्या दिवशी घरी गेले तेव्हा कंबर दुखत नव्हती. काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं.

जुनी गाडी सरासरी पुरुषाच्या मापाची होती. हे तक्रार म्हणून लिहीत नाहीये. पण "जुनी गाडी हाताला बसलेली असते" असं कोणी म्हटलं की मी विचारते, कोणाच्या?

स्टेपनी
ताई, शेवटच्या ओळीला सलाम. टेपची आयडिया ढापली आहे.

मधली_सीट
मी हेल्पर आहे, मला कोणी विचारत नाही, तरी सांगतो. जुन्या गाडीत मधल्या सीटला पट्टा होता तो फक्त कमरेचा, डोकं टेकायला काही नाही आणि गिअरचा दांडा दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. नवीत तिसऱ्या माणसालाही खांद्यावरून येणारा पट्टा आहे. ड्रायव्हर लोकांनो, निवड करताना शेजारच्याचाही विचार करा.

हळूचालवा
मी ३४ वर्षं गाडी चालवून आता घरी बसलोय. माझ्यासारख्या म्हाताऱ्याने जुन्या गाडीची बाजू घ्यावी अशी अपेक्षा असते. घेणार नाही.

माझा खिडकीकडचा कान कामातून गेलाय. त्या काळी इंजिन दोन सीटच्या मध्ये, वर एक पातळ झाकण, आणि उकाड्यामुळे खिडकी कायम उघडी. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही कामाच्या ठिकाणची मर्यादा मानतात. तिथून दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला चारच तास. आमच्या गाडीत शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागायचं, आणि दिवस दहा तासांचा. आम्हाला वाटायचं इंजिनाचा आवाज म्हणजे इंजिनाची तब्येत. तब्येत आमची जात होती.

धुराचंही तेच. झाकणाच्या फटीतून केबिनमध्ये वास यायचा आणि आम्ही त्याला सरावलो होतो. डिझेलच्या धुराने माणसाला कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली पक्कं जाहीर केलं. काजळी पकडणाऱ्या ज्या फिल्टरला पानासाहेब शिव्या घालतात, तो आधी आमची फुप्फुसं होती.

आता एक सूचना, ही नक्की वाच. जुन्या गाडीवर वाढलेल्या माणसाला ब्रेक पंप करायची सवय असते. ओल्या रस्त्यावर चाक लॉक होऊ नये म्हणून दाबायचा, सोडायचा, दाबायचा. नव्या गाडीत एबीएस आहे, तेच काम ती सेकंदाला कितीतरी वेळा करते. तू पंप केलास तर तिचं काम बिघडवतोस आणि थांबायचं अंतर वाढवतोस. गच्च दाबायचा आणि दाबूनच ठेवायचा. पायाखाली खडखड होते, पॅडल थरथरतो. घाबरून पाय उचलू नको. माझा पाय पहिल्या वेळी उचलला गेला होता. पुढे कोणी नव्हतं म्हणून ही गोष्ट सांगायला बसलोय.

पाना_नंबर_तेरा
काका, शिव्या मी फिल्टरला घालत नाही, चुकीच्या रूटला घालतो. पण तुमचं वाक्य गॅरेजच्या भिंतीवर लिहिणार.

गेटपास
मी गाड्यांचं वेळापत्रक बघतो, म्हणजे इथे खलनायक. तरी बोलतो. जुनी गाडी "कधी बंद पडत नाही" असं ड्रायव्हर सांगतो, कारण ती बंद असते तेव्हा तो दुसरी घेऊन गेलेला असतो. माझ्या वहीत ती दिसते. रेडिएटर, सेल्फ, पाटा, परत रेडिएटर. प्रत्येक वेळी किरकोळ काम, आणि प्रत्येक वेळी सकाळी सहाला फोन.

कॅमेऱ्याबद्दल. पुढच्या कॅमेऱ्यामुळे आमचे दोन ड्रायव्हर सुटलेत. दोन्ही वेळा समोरचा आडवा आला होता आणि नंतर उलटं सांगत होता.

स्टेपनी
साहेब, बाहेर बघणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. आत बघणारा कोणाला वाचवतो तेवढं सांगा.

गेटपास
डुलकी लागली तर ओरडतो. फोन हातात घेतला तरी ओरडतो. एवढा तरी उपयोग आहे की नाही?

स्टेपनी
आहे ना. पण मी उतरायच्या जागेचा पत्ता वाचायला खाली बघितलं तरी ओरडतो. मागच्या महिन्यात एक पोरगं चेंडूमागे रस्त्यात आलं, मी करकचून ब्रेक मारला. पोरगं वाचलं. आठवड्याच्या कागदावर माझ्या नावापुढे काय? "जोरात ब्रेक, उणे गुण." ब्रेक का मारला हे त्या डब्याला दिसलं नाही, आणि वाचणाऱ्याने पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र उघडलं नाही.

गेटपास
हे मान्य. ते चित्र उघडून बघणं माझ्यासारख्याचं काम आहे आणि ते होत नाही. रोज इतके इशारे येतात की माणूस नुसता आकडा बघतो.

डावा_आरसा
इतकं सरळ कबूल करणारा सुपरवायझर प्रथमच पाहिला. खलनायकपद काढून घेतलं आहे.

वजनकाटा
आमचं काम फ्रिज-वॉशिंग मशीनचं. नवी चकाचक बघून सगळे हरखले, पण आधी पाटीवरचं वजन वाचलं का? एकूण परवानगी तेवढीच असेल आणि युरियाची टाकी, फिल्टर, मागची लिफ्ट यांनी रिकामं वजन वाढलं असेल, तर माल तेवढा कमी बसतो. आमच्यात जुन्या गाडीवर होणारी एक फेरी नवीवर ओव्हरलोड ठरली. वजन करून घेतलं म्हणून कळलं.

मागची लिफ्ट मात्र सोडू नका. तिच्याशिवाय जड माल उतरवण्यात कसली आली मर्दुमकी?

शून्यधूर
डिझेलच्या भांडणात माझा तिसरा पाट मांडतो. दोन वर्षं इलेक्ट्रिक चालवतोय. पानासाहेबांनी थांबत-थांबत चालण्याचं जे दुखणं सांगितलं ना, तेच हिचं औषध आहे. पाय उचलला की मोटर ब्रेकचं काम करते आणि बॅटरीत थोडं परत भरते. ब्रेकची पॅडं बदलायची वेळच येईना. क्लच नाही, गिअर नाही, संध्याकाळी डावा पाय आहे हे लक्षातही येत नाही. रोज डेपोत परत येणाऱ्या गाडीला रात्रीचं चार्जिंग सोयीचं.

तोटेही सांगतो. कडाक्याच्या थंडीत पल्ला घटतो, आणि केबिन गरम ठेवायची तर तीही त्याच बॅटरीतून. बॅटरीचं वजन आहेच, वजनकाट्यांचा मुद्दा इथे दुप्पट. आणि आवाज नसल्याने लोक बाजूला होत नाहीत. कमी वेगात, साधारण २० किमीपर्यंत, गाडीने मुद्दाम आवाज करावा असे नियम कितीतरी देशांत आलेत, ते उगीच नाहीत. तरी डेपोत मागे घेताना मी काच खाली ठेवतो.

टपालहंसा
थोडं अवांतर, पण नाही म्हटलं तरी विषयाचंच. अमेरिकन टपाल खात्याची ती चौकोनी पांढरी गाडी पाहिली असेल, एलएलव्ही. १९८७ ते १९९४ या काळात बनली, एक लाख चाळीस हजारांवर. ॲल्युमिनियमची बॉडी आणि आयुष्य धरलेलं २४ वर्षांचं. तिशी उलटली तरी हजारो गाड्या रस्त्यावर आहेत. एसी नाही, एअरबॅग नाही, उन्हाळ्यात आतला पंखा गरम वाराच फिरवतो.

तरीही तिच्यात एक गोष्ट अशी आहे जी कितीतरी नव्या गाड्यांत नाही. ती फक्त टपाल वाटायला बनवलेली होती. स्टेअरिंग उजवीकडे, कारण तिथल्या पत्रपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला असतात आणि ड्रायव्हरला बसल्या जागेवरून हात घालता यावा. तिच्या जागी आलेली गाडी २०२४ पासून टपाल वाटू लागली. बोनेट ठेंगणं, काच अवाढव्य, लोक बदकासारखी दिसते म्हणून हसले. पण आत उभं राहता येतं, एसी आहे, ड्रायव्हर खूश.

आणि स्टेपनीभाऊंचा एसी चेष्टेचा विषय नाही बरं का. तिथल्या एका मोठ्या पार्सल कंपनीच्या ड्रायव्हरांना २०२३ च्या करारात तो युनियनकडून भांडून मिळवावा लागला, तोही १ जानेवारी २०२४ नंतर घेतलेल्या गाड्यांपुरता.

स्टेपनी
बघा! मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

फाळका_उघडा
सगळ्यांचे आभार. काल आणि आज नवी गाडी माझ्याच रूटवर चालवून पाहिली. गेटपाससाहेबांसारखेच आमचे साहेबही ऐकणारे निघाले. टेप घेऊन गेलो होतो, आरसाताई. पायरी जुनीपेक्षा १४ सेंटीमीटर खाली. ऐकायला काहीच नाही, संध्याकाळी गुडघ्याला कळलं.

आता रडगाणं. प्रत्येक ठिकाणी थांबलं की गिअर पार्कमध्ये, मग हँडब्रेकचं बटण, मग इंजिन बंद, मग दार, आणि दार उघडल्यावर पट्ट्याची बोंब नाहीतर किल्लीची. जुनीत हे सगळं एका हालचालीत व्हायचं. मी घड्याळ लावलं, ठिकाणामागे पाच-सहा सेकंद जास्त जातात. १०० ठिकाणांना जवळजवळ दहा मिनिटं. हात सरावला की कमी होईल, पण पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक जुनंच ठेवू नका, असं साहेबांना सांगून आलोय.

मागचा कॅमेरा सकाळी छान. दुपारी ऊन थेट आलं की नुसता पांढरा पडदा, आणि चिखलातून गेलो तर गुलाबजांभळा डाग. अंतराचा अंदाजही येत नाही, खांब वाटतो त्यापेक्षा जवळ असतो. दोन्ही दिवस अवघड जागी खाली उतरून बघितलं, जसं जुनीला करायचो. आरसे मात्र मोठे आहेत, ते आवडले.

चढावर धक्क्याला मागे लावताना क्लचचा वास आला. गाडी ऑटोमॅटिक, मग क्लच कुठून?

पाना_नंबर_तेरा
ऑटोमॅटिकमध्ये दोन जाती आहेत. एकीत क्लचऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो तेलातून ताकद पुढे देतो. दुसरीत गिअरबॉक्स आणि क्लच तुझ्या जुन्या गाडीसारखेच, फक्त क्लच दाबणारा पाय यंत्राचा. तुझी दुसरी. इंच-इंच मागे घेताना यंत्र हाफ-क्लचवर धरून ठेवतं, तू ॲक्सिलरेटरवर गाडी चढावाला लटकवून ठेवलीस की तो जळतो. ब्रेकवर धर, मग एकदाच हालव. जुन्या गाडीत तुला हे कळत होतं कारण पाय तुझा होता.

हळूचालवा
ब्रेक पंप केलास का?

फाळका_उघडा
काका, एकदा. रिकाम्या पटांगणात मुद्दाम जोरात दाबून बघितला. पॅडल थरथरला आणि पाय आपोआप उचलला गेला. मग सात-आठ वेळा केलं तेव्हा कुठे पाय तसाच राहिला.

तर मी नवी घेतोय. साहेबांकडून दोन गोष्टी मागितल्या. जोरात ब्रेकची नोंद आली तर पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र बघितल्याशिवाय गुण कापायचे नाहीत. आणि हायवेवर जळण चालू असेल तर डेपोच्या दारात पाच-दहा मिनिटं गाडी चालू ठेवली म्हणून कोणी ओरडायचं नाही. पहिली लगेच मान्य. दुसरीला म्हणाले, जळण म्हणजे काय ते आधी समजावून सांग.

गेटपास
पहिली अट मी पण आमच्याकडे मांडतो. दुसरीसाठी पानासाहेबांची वरची पोस्ट छापून दाराशी लावतोय.

पाना_नंबर_तेरा
लावा. आणि फाळका, एक राहिलं. जळण अर्धवट राहत गेलं की जादा सोडलेलं डिझेल बऱ्याच इंजिनांत सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. त्यामुळे दर सोमवारी, गाडी थंड असताना, सपाट जागेवर डिपस्टिक काढ. जुन्या गाडीत तू ऑइल कमी झालंय का बघायचास. हिच्यात वाढलंय का तेही बघायचं. खुणेच्या वर गेलं तर चालवू नको, घेऊन ये.

मधली_सीट
आणि जुनी गाडी कोणाला दिली?

फाळका_उघडा
स्पेअरमध्ये ठेवली आहे. आज एक नवीन पोरगा घेऊन गेला. साडेसातला त्याचा फोन, "दादा, दुसरा पडत नाहीये." म्हटलं, आधी तिसऱ्याला जरासा टेकव, मग दुसऱ्यात घे. पलीकडून कडक आवाज आला, मग शिवी, मग "पडला, पडला."